किल्ल्यातल्या शाळेचा माजी विद्यार्थी

शाळेला पन्नास किंवा शंभर वर्षं झाली की स्मरणिका निघते. तिच्यात मुख्याध्यापकांचं मनोगत, देणगीदारांची नावं आणि किराणा दुकानाची जाहिरात यांच्यामध्ये एक पान ठरलेलं असतं: 'आमचे नामवंत माजी विद्यार्थी'. सांडोरच्या आसपास आम्ही जे चर्चच्या आवारातल्या शाळांमध्ये शिकलो, त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ही यादी अधूनमधून निघते. एक सर्जन, दोन-तीन धर्मगुरू, एखादा रणजीच्या संभाव्य संघापर्यंत गेलेला, आणि अलीकडे परदेशात घर घेतलेला कुणीतरी आयटीवाला. (केळीची बाग टिकवून ठेवलेल्याचं नाव मी अजून एकाही यादीत पाहिलेलं नाही.) अशाच एका चर्चेत कुणीतरी गमतीत टाकलं, 'गोन्सालो गार्सियाला विसरलात.' हसण्याचे दहा इमोजी आले आणि विषय संपला.

मला मात्र ती सूचना गंभीरपणे घ्यावीशी वाटली. कारण गोन्सालो गार्सिया हा खरोखरच वसईतल्या एका कॅथलिक शाळेचा विद्यार्थी होता. ती शाळा आता नाही, पण तिची जागा आहे. आणि माजी विद्यार्थ्यांच्या यादीत कुणाला घ्यायचं, कुणाला आपलं म्हणायचं, हा प्रश्न त्याच्या आयुष्यात जितका टोकदार झाला तितका आपल्या कुणाच्याच होणार नाही.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी थोडा भूगोल. वसई रोड स्टेशनला पश्चिमेला उतरून किल्ल्याच्या दिशेने निघालं की माणिकपूर, पापडी, सांडोर, मग जुनं वसई गाव, आणि शेवटी खाडीच्या तोंडावर किल्ला. दर एक-दोन किलोमीटरवर एक चर्च, आणि बहुतेक चर्चला चिकटून एक शाळा. पापडीला थॉमस बाप्टिस्टा हायस्कूल आहे. गिरिज, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, जिथे जाल तिथे हाच नकाशा. गासच्या चर्चचं नावच संत गोन्सालो गार्सिया आहे, आणि वसईत त्याच्या नावाचं कॉलेजही आहे. म्हणजे नाव सगळ्यांच्या तोंडात आहे. रिक्षावाल्याला 'गोन्सालो' म्हटलं की तो कॉलेजला सोडतो. माणूस कोण होता हे विचारलं तर उत्तर येतं, 'संत होते, जपानला गेले होते.' एवढंच.

तर हा मुलगा जन्मला १५५६-५७च्या सुमारास. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात येऊन जेमतेम वीस-बावीस वर्षं झाली होती. गुजरातच्या बहादूरशहाने मोगलांच्या दबावाखाली १५३४च्या डिसेंबरमध्ये करार करून वसई आणि आजूबाजूचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यानंतर किल्ला उभा राहिला आणि किल्ल्याच्या आत एक आखीव शहर: रस्ते, बाजार, इस्पितळ, आणि वेगवेगळ्या धर्मसंघांची चर्चेस. फ्रान्सिस्कन आधी आले, मग जेझुइट, म्हणजे येशूसंघीय. हे दोन संघ लक्षात ठेवा, पुढे सगळा पेच याच दोघांमधला आहे.

गोन्सालोचा बाप पोर्तुगीज, आई इथलीच. चरित्रांमध्ये आईबद्दल याहून फारसं येत नाही. आजच्या भाषेत तो 'मिक्स्ड', त्या काळच्या पोर्तुगीज भाषेत 'मेस्तिसो'. सेबास्तियाँव गोन्साल्विस नावाच्या येशूसंघीय फादरांनी त्याला किल्ल्यातल्या शाळेत घेतलं आणि तो सुमारे आठ वर्षं त्यांच्या हाताखाली शिकला. येशूच्या पवित्र नावाचं चर्च आणि त्याला जोडलेलं विद्यालय असा तो परिसर होता. त्याचे अवशेष अजून उभे आहेत आणि दर्शनी भिंतीवर कोरलेली येशूच्या नावाची मुद्रा आजही वाचता येते. कोल्डप्लेच्या 'हिम फॉर द वीकेंड'च्या व्हिडिओत वसईचा किल्ला पाहून जगभरातून लोक इथे फोटो काढायला आले. त्यातल्या कितीजणांनी आपण एका शाळेत उभे आहोत असा विचार केला असेल?

त्या काळात 'शाळा' ही गोष्टच नवी होती. येशूसंघाने सर्वसामान्य मुलांसाठी पहिलं विद्यालय काढलं १५४८मध्ये, सिसिलीतल्या मेसिनाला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ही कल्पना गोवा, वसई, मलाक्का अशी समुद्रमार्गे पसरली. फी घ्यायची नाही हा त्यांचा दंडक होता. शिकवायचे काय, तर वाचन, लेखन, प्रश्नोत्तरांतून धर्मशिक्षण, गाणं, आणि हुशार मुलांना लॅटिन. भारतातला पहिला छापखाना गोव्याच्या सेंट पॉल विद्यालयात १५५६मध्ये आला, म्हणजे साधारण गोन्सालोच्या जन्माच्याच वर्षी. आपण 'डिजिटल पिढी' म्हणतो तशी ती छापील पुस्तकांची पहिली पिढी म्हणायला हरकत नाही.

पंधरा-सोळा वर्षांचा असताना फादरांबरोबर तो जपानला निघाला. वसई, गोवा, मलाक्का, मकाव, मग नागासाकी. वाऱ्याची वाट पाहत बंदराबंदरांत महिनोन्‌महिने थांबावं लागायचं. जहाज वर्षातून एकदा. नागासाकी हे बंदर म्हणून पोर्तुगीजांना खुलं झालं १५७१मध्ये, त्यामुळे हा मुलगा उतरला तेव्हा ते शहर जवळपास त्याच्या डोळ्यांसमोर वाढत होतं. चीनचं रेशीम जपानात, जपानची चांदी चीनला, आणि मधली दलाली पोर्तुगीजांची. जहाज व्यापाऱ्यांचं, त्यावर धर्मगुरू, आणि धर्मगुरूंच्या खर्चाचा काही भाग त्याच रेशमातून. हे लपवण्यासारखं नाही, त्या काळाची यंत्रणाच तशी होती.

गोन्सालो जपानी भाषा फार लवकर शिकला. मी जपानी भाषेची सर्वांत खालची परीक्षा दिलेली आहे, त्यामुळे हे वाक्य मी सहज लिहू शकत नाही. शब्दकोश नाही, ॲप नाही, आणि बोलायची भाषा माणसाच्या दर्जानुसार बदलणारी. सरदाराशी एक, शेतकऱ्याशी दुसरी. वसईच्या मुलाला याची थोडी सवय असावी असं मला वाटतं. घरी आईची बोली, शाळेत पोर्तुगीज, प्रार्थनेत लॅटिन अशा तीन भाषांमध्ये तो वाढला होता. आजही सांडोरचं पोर घरी एक बोली बोलतं, चर्चमध्ये प्रमाण मराठी, ट्रेनमध्ये हिंदी आणि ऑफिसात इंग्रजी, आणि त्यात आपण काही विशेष करतोय असं त्याला वाटत नाही.

भाषेमुळे तो मिशनमध्ये धर्मशिक्षक झाला. लोकांना प्रिय झाला. त्याची एकच इच्छा होती, येशूसंघात दाखल व्हायचं. ज्यांनी त्याला लहानपणापासून शिकवलं, ज्यांच्याबरोबर तो अर्धं जग पार करून आला, त्यांच्यातलाच एक व्हायचं.

त्याला घेतलं नाही.

इथे थोडं थांबायला हवं, कारण भक्तिपर पुस्तकं हा भाग एका ओळीत उरकतात. त्या काळी आशियातल्या येशूसंघाचं धोरण ठरवणारा सर्वांत वजनदार माणूस होता आलेस्सांद्रो वालिन्यानो. हुशार, दूरदृष्टीचा इटालियन. जपानी लोकांना संघात घ्यावं, त्यांच्या रीतीभाती शिकाव्यात, असं आग्रहाने सांगणारा. तोच वालिन्यानो भारतीयांना आणि मिश्र रक्ताच्यांना संघात घ्यायच्या मात्र विरोधात होता. माणसांची प्रतवारी लावलेली होती आणि त्या प्रतवारीत वसईची आई असलेला मुलगा कुठे बसतो हे सांगायला नको. गोन्सालोच्या नकारामागे हे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण नकार देणारी माणसं ज्या हवेत श्वास घेत होती ती हवा ही अशी होती.

बरं, नकारानंतर त्याने काय केलं? धंदा. मिशन सोडलं आणि व्यापारात शिरला. चार भाषा येणारा, बंदरं ओळखणारा, जपान्यांचा विश्वास असलेला माणूस व्यापारात बुडणं कठीणच. धंदा चांगला चालला, वेगवेगळ्या बंदरांत पसरला. मला या टप्प्यावरचा गोन्सालो सर्वांत जवळचा वाटतो. शाळेने दिलेली कौशल्यं घेऊन, शाळेने नाकारलेला, पण पोट भरणारा आणि चांगलं भरणारा तरुण. तो इथेच थांबला असता तर एक यशस्वी माजी विद्यार्थी झाला असता, स्मरणिकेला जाहिरात देणारा.

पण व्यापाराच्या फेऱ्यांत तो फिलिपाइन्समध्ये मनिलाला गेला आणि तिथे त्याची गाठ फ्रान्सिस्कनांशी पडली. तो धंदा सोडून त्यांच्या संघात ब्रदर म्हणून दाखल झाला. फादर नाही, ब्रदर. मनिला स्पॅनिश सत्तेखाली होती. वसई-गोवा-मकाव-नागासाकी ही साखळी पोर्तुगीजांची आणि येशूसंघाची, मेक्सिको-मनिला ही साखळी स्पॅनिशांची आणि फ्रान्सिस्कन वगैरे संघांची. १५८०पासून दोन्ही देशांचा राजा एकच होता, तरी स्पर्धा संपली नव्हती. १५८५मध्ये पोपने जपानचं धर्मकार्य फक्त येशूसंघाकडे दिलं होतं. त्यामुळे फ्रान्सिस्कनांना तिथे सरळ जाता येत नव्हतं.

मग त्यांना वाट मिळाली ती राजकारणातून. जपान तेव्हा तोयोतोमी हिदेयोशीच्या मुठीत होता. शेतकरी कुटुंबातून वर आलेला, आयुष्यभर लढून देश एकत्र केलेला हा माणूस १५९२मध्ये कोरियावर चालून गेला आणि त्याच झोकात त्याने मनिलालाही निरोप धाडला की मांडलिकत्व पत्करा. मनिलाच्या गव्हर्नरकडे लढायला पुरेशी फौज नव्हती. त्याने वेळ काढण्यासाठी वकील पाठवले. १५९३मध्ये फादर पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कनाच्या नेतृत्वाखाली जे शिष्टमंडळ गेलं, त्यात दुभाषा म्हणून होता गोन्सालो गार्सिया. आजच्या भाषेत सांगायचं तर राजनैतिक व्हिसावर गेले आणि धर्मकार्याला राहिले.

क्यूशू बेटावर कोरियाच्या मोहिमेसाठी उभारलेल्या नागोया किल्ल्यात (मोठं नागोया शहर वेगळं) हिदेयोशीची भेट झाली. कल्पना करा. समोर आशियातला एक अत्यंत ताकदवान आणि लहरी माणूस, त्याची अपेक्षा की हे लोक शरण आले आहेत. इकडे स्पॅनिश वकील, ज्यांना शरण यायचं नाही आणि युद्धही नकोय. आणि मधे वसईचा माणूस, जो दोन्ही बाजूंची वाक्यं एकमेकांत ओततोय. एक शब्द जास्त कडक झाला तर डोकं जाईल, एक शब्द जास्त मऊ झाला तर मनिला जाईल. सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळ्या सिस्टिम जोडणाऱ्या तुकड्याकडे कुणी बघत नाही, बिघडला तरच सगळे बघतात. दुभाष्याचं तसंच. भेट निभावली. त्यांना क्योतोमध्ये राहायची परवानगी आणि जागा मिळाली. तिथे त्यांनी मठ, चर्च आणि कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळं उभारली.

येशूसंघाला हे रुचलं नाही. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. हिदेयोशीने १५८७मध्येच मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढलेला होता. तो अमलात येत नव्हता, कारण त्याला पोर्तुगीज व्यापार हवा होता आणि येशूसंघीय आवाज न करता राहत होते. फ्रान्सिस्कन राजधानीत उघडपणे घंटा वाजवून मिस्सा करत होते. एकीकडे सावध लोक, दुसरीकडे बेधडक लोक. गोन्सालो त्या दोघांचंही घर आतून ओळखत होता.

१५९६च्या ऑक्टोबरात मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं 'सान फेलिपे' नावाचं मालाने भरलेलं जहाज वादळाने तोसाच्या किनाऱ्याला लागलं. हिदेयोशीने माल जप्त केला. चौकशीत जहाजाच्या एका अधिकाऱ्याने फुशारकी मारली की आमचा राजा आधी धर्मगुरू पाठवतो आणि मागून सैन्य, अशी गोष्ट सांगितली जाते. तो नेमकं काय बोलला यावर पुढे दोन्ही संघ वर्षानुवर्षं भांडले आणि आपत्तीचं खापर एकमेकांवर फोडत राहिले. हुकूम मात्र निघाला. क्योतो आणि ओसाकामधून २४ जण पकडले गेले. ३ जानेवारी १५९७ला क्योतोत त्यांच्या डाव्या कानाच्या पाळ्या कापल्या. नाक-कान पूर्ण कापायचा हुकूम होता, एका अधिकाऱ्याने तो सौम्य केला. मग भर थंडीत नागासाकीपर्यंत धिंड. सुमारे ८०० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते नागपूर, महिनाभर. वाटेत आणखी दोघे त्यांच्यात सामील झाले. २६ झाले.

५ फेब्रुवारी १५९७, निशिझाकाची टेकडी, समोर नागासाकीचा उपसागर. २६ क्रूस. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय, सतरा जपानी सामान्य माणसं, त्यांत बारा ते चौदा वर्षांची तीन मुलं. फ्रान्सिस्कनांपैकी एक जण मेक्सिकोचा, फेलिपे दे हेसुस, त्याच फुटलेल्या जहाजातला. वृत्तांत सांगतात की क्रुसावर प्रथम चढवला गेला तो गोन्सालो. त्याचं वय होतं चाळीस. ज्या शहरात तो पंधराव्या-सोळाव्या वर्षी उतरला होता, तेच हे शहर.

१६२७मध्ये रोमने त्यांना धन्यवादित घोषित केलं, आणि तेही दोन याद्यांमध्ये. तीन येशूसंघीयांची वेगळी, तेवीस जणांची फ्रान्सिस्कन यादी वेगळी. येशूसंघाच्या शाळेचा विद्यार्थी गोन्सालो फ्रान्सिस्कनांच्या यादीत आला. वसईच्या किल्ल्यात आज येशूसंघीयांचं चर्च आणि फ्रान्सिस्कनांचं सेंट अँथनी चर्च, दोन्ही पडक्या अवस्थेत, एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर आहेत. एकात तो शिकला, दुसऱ्याच्या संघाने त्याला आपलं म्हटलं.

पुढे १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, किल्ल्यातलं शहर ओस पडत गेलं, चर्चच्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत पोचल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ सालची आहे, भीमाशंकरची १७२९ची. संघ गेले, पण गावकरी कुठे जाणार? सांडोर, पापडी, गास, नंदाखालचे कॅथलिक शेतकरी तिथेच राहिले, मराठी मुलखात, मराठी बोलत. ८ जून १८६२ला पोप नववे पायस यांनी २६ जणांना संतपद दिलं. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून गोन्सालोचं नाव घेतलं जातं ते यामुळे. २००८मध्ये केरळच्या सिस्टर अल्फोन्सांना संतपद मिळालं तेव्हा बातम्यांमध्ये 'भारताच्या पहिल्या संत' असे मथळे झळकले. त्या पहिल्या भारतीय स्त्री-संत, हे नेमकं. यावर 'पण त्याचा बाप पोर्तुगीज होता ना' असा प्रश्न मला विचारला गेला आहे. वालिन्यानोच्या वेळी तो पुरेसा युरोपीय नव्हता, आता पुरेसा भारतीय नाही.

ही मापं गेलेली नाहीत. नंदाखालच्या संत जोसेफ हायस्कूलचा एक विद्यार्थी, फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता'चे अनेक वर्षं संपादक, हरित वसईच्या चळवळीतला पुढचा माणूस, सगळं बायबल सुबोध मराठीत आणणारा लेखक. उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी त्यांची निवड झाली तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, ख्रिस्ती माणूस अध्यक्ष कसा, असा आरडाओरडा झाला. आयुष्यभर मराठीत लिहिलेल्या माणसाला मराठीच्या दारात ओळखपत्र दाखवावं लागलं. जानेवारी २०२०मध्ये आजारी अवस्थेत ते तिथे गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ला ते गेले. त्यांचं नाव आता नंदाखालच्या प्रत्येक यादीत पहिलं असतं, आणि ते योग्यच आहे. फक्त यादी नेहमी उशिरा तयार होते.

जपानमध्ये या २६ जणांची आठवण वेगळ्याच वाटेने टिकली. तिथे ख्रिस्ती धर्मावर अडीचशेहून अधिक वर्षं बंदी होती. देश परकीयांसाठी उघडल्यावर फ्रेंच धर्मगुरूंनी नागासाकीला ओउरा इथे एक चर्च बांधलं आणि ते याच २६ संतांना अर्पण केलं. १८६५च्या मार्चमध्ये त्या चर्चच्या दारात उराकामी गावचे काही शेतकरी आले आणि आमचं आणि तुमचं मन एकच आहे, असं त्यांनी फादरांना हळूच सांगितलं. सात-आठ पिढ्या धर्मगुरूंशिवाय, पुस्तकांशिवाय, लपून त्यांनी श्रद्धा सांभाळली होती. वसईच्या मुलासह २६ जणांच्या नावाने बांधलेल्या दारात ही गोष्ट घडली, हे वसईत फार कमी जणांना माहीत आहे.

निशिझाकाच्या टेकडीवर १९६२मध्ये, संतपदाच्या शताब्दीला, स्मारक आणि संग्रहालय झालं. वास्तुरचना इमाई केन्जी यांची, शिल्पं फुनाकोशी यासुताके यांची. लांबलचक भिंतीवर ब्राँझच्या २६ आकृती ओळीने आहेत, मुलांच्या उंचीने लहान, आणि सगळ्यांचे पाय जमिनीपासून सुटलेले. दरवर्षी वसईहून एखाद-दोन गट तिथे जातात, आणि तोक्यो-ओसाकात प्रोजेक्टवर असलेली आमची पोरंही सुट्टीत जाऊन येतात. नागासाकी स्टेशनला उतरलात की चालत पाचेक मिनिटं लागतात.